अनिच्च आणि चमचाभर साखर

...नाही, पण श्वास बघायचा म्हणजे किती वेळ बघायचा माणसानं? विपश्यनेच्या शिबिरात गुरुजी म्हणाले, राग आला की बोलू नका, डोळे मिटा, नाकपुडीवर श्वास बघा. अनिच्च! काहीच टिकत नाही, राग येतो, राग जातो. तिथे ठीक आहे हो! तिथे डोंगर, शांतता, मुगाची खिचडी... तिथे रागाची यायची हिंमत आहे का? इथे मरोळला, वन रूम किचनमध्ये, समोर होणारा व्याही बसलाय... बघा आता श्वास!

तुम्हाला सांगतो, मी अंबादास, लेथवरचा माणूस. कारखान्यात मशीन बंद पडलं तरी माझा आवाज चालू. म्हणून तर लेकीनं, संघमित्रानं, शिबिराला धाडलं. म्हणाली, "पप्पा, ओजसचे आईबाबा बोलणी करायला येतायत. तुम्ही भडकलात तर माझ्या लग्नाची वाट लागली समजा." डोळ्यांत पाणी हो तिच्या. बाप काय करणार? म्हटलं, बघतो श्वास.

तर आले. नंदूभाऊ आणि शेवंतीवहिनी, मूळचे मालवणचे, आता बोरीवलीला. माणसं चांगली, पण नंदूभाऊंनी चपला काढता काढताच सुरू केलं, "आम्ही जात-बित मानत नाही हो!" बरं. श्वास आला, श्वास गेला. अनिच्च. पोह्यांवर लिंबू पिळताना पुन्हा तेच, आम्ही मानतच नाही. अरे, विचारलंय कुणी? श्वास आला... अडखळत गेला. अनिच्च. मग शोकेसमधल्या बुद्धमूर्तीकडे बघून, अगदी मोठ्या मनानं, "नाही म्हणजे नाहीच!"

माझे कान तापले. माझी बायको दर्शना किचनच्या दारातून डोळे वटारतेय, लेकीचा चेहरा पांढरा. मी डोळे मिटले, गच्च. नाकपुडी... वारा... अनिच्च...

तेवढ्यात नंदूभाऊ ओरडले, "अहो, ह्यांची शुगर उतरली!" आणि या माणसानं चहासाठी ठेवलेल्या साखरेच्या डब्यातला चमचा भरून थेट माझ्या तोंडात कोंबला. नाकात ध्यान, तोंडात साखर, मिशीवर मुंग्यांची सोय!

खोटं कशाला बोलू, शिव्या जिभेवर आल्या होत्या. पण त्यांच्यावर साखर! ती विरघळेपर्यंत बोलताच येईना. आणि गंमत सांगू? साखर विरघळली तेव्हा राग पण गेला होता. खरंच गेला होता यार! डोळे उघडले, हळूच म्हटलं, "नंदूभाऊ, आम्ही पण मानत नाही. मग सारखा विषय का निघतोय?"

नंदूभाऊ रुमालानं कपाळ पुसत म्हणाले, "चुकलंच माझं. तुम्ही तापट आहात म्हणून ऐकलं होतं... घाबरून काहीतरी बोलत सुटलो." आणि शेवंतीवहिनी हसायलाच लागल्या. "मी रिक्षातच सांगितलंय ह्यांका, गप रवा म्हणान! आता तोंड गोड केल्यातच, तर लगीन जमला म्हणा."

जमलं की हो! लेक रडली, मी पण रडलो. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

पण... नंदूभाऊ माझ्या शांतपणावर फिदा. व्याही, आम्हाला पण शिकवा म्हणाले. आता दर रविवारी बोरीवलीहून सकाळी सकाळी हजर! डोळे मिटतात, लगेच घोरतात, उठले की पोहे. गुरुजी म्हणाले होते ना, जे येतं ते जातं? राग आला, गेला. भीती आली, गेली. नंदूभाऊ आलेत... जेवूनच जातो म्हणतायत.