अर्थ एकच, पाहुणे शेजारी

...आणि वर मलाच विचारतात, 'मैनावैनी, तुमच्या खोल्या रिकाम्या कशा?' आता कशा म्हणजे काय? पाहुणे येत नायत म्हणून रिकाम्या! तुम्हाला सांगते, मालगुंडात आमची दोन घरं लागून, मधे फक्त चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढा. इकडे मी, तिकडे माझी धाकटी जाऊ वैष्णवी. समुद्र तोच, माडही तेच, पाणी एका विहिरीचं, मासे देणारी बाई एक. तिच्या खोल्या मे महिन्यात भरलेल्या, दिवाळीत भरलेल्या, अहो पितृपक्षातसुद्धा भरलेल्या! आणि माझ्याकडे कोण? तर मांजर. तेसुद्धा जेवायला तिच्याकडे जातं.

कारण काय? तर इंग्रजी. वैष्णवी डोंबिवलीची. लग्नाआधी दिवसभर कानाला फोन लावून परदेशातल्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायची नोकरी होती तिला. धाकटे भावजी, सागर, बोटीवर असतात, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. मग हिने घर रंगवलं, खोल्या काढल्या आणि मोबाइलवर जाहिरात टाकली. मी म्हटलं, आपणही टाकू. तिला विचारायचं? मी? मोठी जाऊ मी! आमची मुलगी वेदिका रत्नागिरीला कॉलेजात, तिची परीक्षा चाललेली. मग मीच बसले मोबाइलमधली डिक्शनरी उघडून, एकेक शब्द शोधून शोधून लिहिला, डोळे दुखले माझे.

जुनं घर. मी लिहिलं 'ओल्ड हाऊस'. तिने काय लिहिलं होतं? 'हेरिटेज होम'. अहो, घर एकाच सासऱ्यांनी बांधलेलं, चिरा एकाच खाणीतला! हिच्याकडे तो हेरिटेज, माझ्याकडे तो म्हातारा! स्वयंपाकाचा वास, मी लिहिलं 'स्मेल'. 'फिश स्मेल ऑल डे' असं सविस्तर लिहिलं. तिचा म्हणे 'अरोमा'. निवांत किनारा, मी 'लोन्ली', ती 'सीक्लुडेड'. स्वस्त खोली, मी सरळ 'चीप'. ती 'अफोर्डेबल'. आता मला सांगा, अर्थ एकच ना हो?

एकच! पण 'चीप' वाचून पहिला फोन आला तो असा, की खोली तासावर मिळेल का. मला आधी कळेचना. मी म्हटलं, तासाभरात समुद्र काय बघणार तुम्ही? मग आमच्या ह्यांनी फोन घेतला, आणि ह्यांनी त्या माणसाला जे शब्द ऐकवले ना, त्यांचा अर्थ मात्र खरोखर एकच होता. त्यानंतर महिनाभर कोणी नाही. संध्याकाळी मी ओटीवर तांदूळ निवडत बसायची आणि गडग्यापलीकडून हसणं ऐकू यायचं, गाड्यांची दारं धाडधाड लागायची, आणि वैष्णवी हात पुढे करून म्हणायची, 'वेलकम, वेलकम'. माझ्या तांदळात खडे नव्हतेच, तरी मी निवडायची.

आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे वेदिका. परीक्षा संपली, पोर घरी आली, पिशवी टाकली आणि गडग्यावरून उडी मारून थेट काकूकडे! सकाळी काकू, दुपारी काकू. जेवायला हाक मारली तर म्हणे, 'आई, काकूकडे जेवले.' मी सुरमई तळून ठेवलेली! म्हटलं, काय ठेवलंय तिथे एवढं? तर म्हणे, इंग्रजी सुधारतं. मी फक्त भांडी जरा जोरात घासली. तर ही मला शांतपणे म्हणते कशी, 'आई, तू काकूवर जेलस आहेस.' आणि वर म्हणते, 'किंवा एन्व्हियस.'

घ्या! इथे जिवाची आग झालेली, आणि मुलगी तिला नाव शोधतेय! डिक्शनरीत बघितलं. दोन्हीकडे मत्सर. म्हटलं, अर्थ एकच ना हो? मग दोन शब्द कशाला, आईला दोनदा बोलायला?

अशात आमच्याकडे एक बाई आल्या. खऱ्या पाहुण्या, सामानासकट! बंगळूरच्या वारिजा मॅडम. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, केस पांढरे, एकट्याच. मी आनंदाने चहात साखर दोनदा घातली. पण मनात पाल चुकचुकली, की बाई चुकून तर आल्या नाहीत? म्हणून मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारून टाकलं, हेरिटेज बाजूला आहे, तुम्हाला तिकडे तर जायचं नव्हतं? त्या म्हणाल्या, नाही, मी तुमचा 'लोन्ली' शब्द वाचून आले. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, तो चुकला हो, मला 'सीक्लुडेड' म्हणायचं होतं. तेव्हा त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या, "सीक्लुडेड जागी मी नवऱ्याबरोबर जायची. आता लोन्लीच बरी."

मी आपली तांदळाची गरम घावणं काढली, नारळाचा रस केला, आणि त्यांच्या समोर बसून राहिले. त्या जेवल्या, दुसऱ्या दिवशीही जेवल्या, हळूहळू बोलायला लागल्या. तेव्हा मी धीर करून विचारलं, की बाई, जेलस आणि एन्व्हियस, अर्थ एकच ना हो?

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, लोक एकच समजतात, पण शाळेत मी असं शिकवायची, की दुसऱ्याचं बघून आपल्याला ते हवंसं वाटलं तर एन्व्ही. आणि आपलं आहे ते दुसरा कोणी घेऊन जाईल अशी भीती वाटली, तर जेलसी. मग मला म्हणाल्या, "तुम्हाला कुठलं होतंय?"

अहो, काय सांगू तुम्हाला, माझा घास तोंडातच राहिला. गाड्या, पाहुणे, वेलकम, ते सगळं एन्व्हियस. ते होतं, कबूल. पण ते काही छातीत दुखत नव्हतं. छातीत दुखत होतं ते दुसरंच. ते गडग्यावरून उडी मारून गेलं होतं.

मी उठले. हात न धुता उठले. पहिल्यांदाच गेले बघा गडगा ओलांडून, ह्या वयात, साडी सांभाळत, वेदिकाला आणायला. मागल्या दाराशी पोचले तर आत धूर. वैष्णवी तव्यासमोर, केसांना पीठ लागलेलं, ताटात तुटलेल्या घावणांचा ढीग. आणि माझी पोर कमरेवर हात ठेवून सांगतेय, "नाय काकू, आई पीठ एवढं घट्ट नाय ठेवत. आई तवा आधी कांद्याने पुसते. आईची जाळी बघितलीस ना कशी पडते?"

आई, आई, आई! एका दमात तीनदा.

मला बघून वैष्णवीने पटकन ताट झाकायला घेतलं, पण ढीग कसला लपतोय. मग खालीच बसली. म्हणाली, पाहुणे येतात, पहिल्या सकाळी माझ्याकडचा ब्रेड खातात, आणि दुसऱ्या सकाळी विचारतात, त्या बाजूच्या घरातून वास येतो तो कशाचा? वास म्हणाली बरं का, अरोमा नाही. रोज विचारतात. "वैनी, मी जाहिरातीत ऑथेंटिक लिहून बसलेय आणि मला घावणं उलटता येत नाय. तुमच्याकडे बघून जळते मी."

मी तोंडात आलं ते विचारून टाकलं, जेलस की एन्व्हियस? ती डोळे पुसत म्हणाली, "काय माहीत. नुसता जीव जळतो."

मग काय, तिला बाजूला सरकवलं आणि पीठ सैल केलं. आता तिच्या पाहुण्यांची घावणं मी काढते, आणि माझी जाहिरात ती लिहिते. फक्त 'लोन्ली' तेवढं मी काढू दिलं नाही.

पण तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी तव्यासमोर, ती माझ्यावर जळते हे ऐकून मला आतून जे गार गार वाटलं ना, अगदी माठातलं पाणी प्यायल्यासारखं, त्याला इंग्रजीत काय म्हणत असतील? डिक्शनरीत सापडेना. शेवटी वेदिकाला विचारलं. तर म्हणाली, "थांब आई, काकूला विचारून येते."

आणि गेली!