गळतीवरचं अळू

चहा होईपर्यंत आमच्या साहेबांचं सांगतो. कळंबोलीच्या कारखान्यात मी गेटवर असायचो. साहेबांनी ठरवलं, कारखान्याचं पाणी निम्म्यावर आणायचं. माणूस भला. कॅन्टीनमागचा पाइप गळत होता, तो स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतला.

पण त्या गळतीवरच जनाबाईचं अळू वाढायचं. गेटवर जुड्या विकून तिची चूल पेटायची. आठवड्याभरात पानांनी माना टाकल्या.

शनिवारी साहेबांनी नेहमीसारखी गाडी थांबवली. "मावशी, द्या जुडी. बायकोने वड्यांचं पीठ कालवून ठेवलंय."

"अळू नाय, सायब. तुमीच पानी बंद केलंत ना."

साहेब मला म्हणाले, "काका, गेट उघडा," आणि गाडी वळवून परत आत गेले.

सोमवारपासून कॅन्टीनमधलं तांदूळ धुतलेलं पाणी अळवाला जाऊ लागलं.

पुढे जुडी घेताना साहेबांनी हळूच विचारलं, "मावशी, पाणी वाया जात नाही ना?"

जनाबाईने जुडीत आणखी एक पान खोचलं. "वाया कसं जाईल? तुमच्याच पोटात जातंय."