मागच्या बैठकीची खूण

ओनोरीन : ...तेओफिल मोरिझो खांद्याला दोर लावून मालाच्या होड्या ओढत याच नदीकाठाने व्हेर्दांपर्यंत पायी जात असे. त्याचा मुलगा ओगुस्त. त्याने तोच काठ भरीव रबराच्या चाकांच्या सायकलवर पालथा घातला. ओगुस्तचा मुलगा रेमों. कामगारांना पहिली भरपगारी सुट्टी मिळाली त्या छत्तीस सालच्या उन्हाळ्यात त्याने ही दोन बैठकांची जोडसायकल घेतली. आणि रेमोंचा मुलगा गास्तों, माझा नवरा. या सायकलच्या पुढच्या बैठकीवर मोरिझो बसतो आणि मागच्या बैठकीवर त्याची लग्नाची बायको. तिसरं कुणी नाही, जिनेटबाई.

जिनेट : झालं? मी तुमच्या कुंपणापलीकडेच जन्मले, ओनोरीन. तू या घरात यायच्या आधीपासून मला मोरिझोंची वंशावळ पाठ आहे. मी एवढंच विचारलं, की फाटकावर ती चिठ्ठी कशाची?

ओनोरीन : तुम्ही वाचलीत म्हणजे कळलं असेलच.

जिनेट : "जोडसायकल छपरीत आहे. अकरा वाजता न्यावी." कोण नेणार?

ओनोरीन : शालोंच्या वस्तुसंग्रहालयाचे लोक. ते तिला काचेच्या मागे ठेवणार आहेत, खाली रेमोंच्या नावाची पाटी लावून.

जिनेट : आणि गास्तोंला हे ठाऊक आहे?

ओनोरीन : तो पाव आणायला गेला आहे. आला की कळेल.

जिनेट : जून महिना आहे, बाई. गवत कापून झालंय, काठ कोरडा आहे. दरवर्षी या आठवड्यात तुम्ही दोघं निघता. तुझा खुबा बदलला, त्याचे पाय तर शाबूत आहेत ना?

ओनोरीन : डॉक्टरांनी मला पायडल मारायला मनाई केली आहे. ल्योंहून मुलाने सायकलला जोडायची, बॅटरीवर चालणारी एक वस्तू पाठवण्याची तयारी दाखवली. मी त्याला सांगितलं, आपल्या घरात कोणी ढकललं जाऊन व्हेर्दांला गेलेलं नाही. तेव्हा प्रवास संपला. संपलेली गोष्ट नीटपणे काचेमागे ठेवावी.

जिनेट : त्याच्यासाठी संपलेली नाही. परवा तो माझ्या नवऱ्याची, रॉबेरची जुनी सायकल मागून घेऊन गेला होता, एकटाच. पॉपलरच्या झाडांच्या रांगेपर्यंत गेला आणि वीस मिनिटांत परत. मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, "बगळा दिसला. सांगायला मागे कुणी नव्हतं."

ओनोरीन : सहा शब्द.

जिनेट : काय?

ओनोरीन : सहा शब्द बोलला तो तुमच्याशी. मी वरच्या खिडकीत होते. घरात आल्यावर मला म्हणाला, "आलो." एक.

जिनेट : तू खिडकीत बसून शब्द मोजतेस?

ओनोरीन : ज्याच्याकडे भरपूर असतं त्याला मोजावं लागत नाही. तुमचा रॉबेर टपाल वाटता वाटता सगळ्या गावाशी गप्पा मारून यायचा आणि उरलेलं तुम्हाला घरी येऊन सांगायचा. माझा नवरा जेवणाच्या टेबलावर "मीठ" म्हणतो आणि खिडकीतून पाहून "पाऊस" म्हणतो. पण एकदा या सायकलवर पुढे बसला आणि नदी उजव्या हाताला आली, की तो बोलू लागतो. समोर पाहत, मागे न वळता. तूर्नूचा पूल मागे पडला की बापाविषयी. शालोंच्या अलीकडे, जिथे पुराचं पाणी कुरणात शिरतं तिथे, बुडालेल्या वासराविषयी. स्वतःला कशाची भीती वाटते तेही त्याने मला तिथेच सांगितलं. ताशी दहा किलोमीटर. बदकं पुढे गेली तरी चालेल, हा त्याचा नियम. जाऊन येऊन सहा दिवस. त्या सहा दिवसांवर मी उरलेलं वर्ष काढते.

जिनेट : हे मला माहीत नव्हतं.

ओनोरीन : कुणालाच माहीत असण्याचं कारण नव्हतं.

जिनेट : मग तेच सहा दिवस तू काचेमागे ठेवणार? ऐक. मला मागे बसव. माझे गुडघे ठणठणीत आहेत, रोज बाजारात सायकलवरून जाते. मी गप्प बसून पायडल मारेन.

ओनोरीन : याचसाठी तुम्ही सकाळी सकाळी केस विंचरून आलात.

जिनेट : केस मी रोज विंचरते. एखाद्या दिवशी कुंपणाच्या या बाजूलाही पाहत जा.

ओनोरीन : तो माझा नवरा आहे, जिनेटबाई, टपालाची पिशवी नव्हे. एका दारातून उचलून दुसऱ्या दारात टाकायला.

जिनेट : आणि ती बैठक? ती कोणाची होती? सहासष्ट सालचा जून आठवतो? तुझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. गास्तोंने मला विचारलं होतं, रविवारी मागे बसून फिरायला येतेस का. मी हो म्हटलं होतं. शनिवारी मला गालफुगी झाली, तोंड भोपळ्याएवढं झालं. मी तुला बोलावून म्हटलं, उद्या माझ्या जागी तू जा, बैठक रिकामी नको राहायला. पुढच्या रविवारी परत दे.

ओनोरीन : आठवतं.

जिनेट : पुढचा रविवार अजून यायचा आहे.

ओनोरीन : मला तो रविवार विसरता येऊ नये याची सोय माझ्या नवऱ्याने करून ठेवली आहे. इकडे या, वाका. मागच्या बैठकीच्या दांड्यावर ही ओरखड्याची खूण दिसते? माझ्या उंचीपेक्षा दोन बोटं वर. ही तुमची उंची. सत्तावन्न वर्षांत त्याने या सायकलला तीनदा रंग दिला, पण या दांड्याला हात लावला नाही. मी दर जूनमध्ये याच खुणेच्या खाली बसून व्हेर्दांला गेले आहे.

जिनेट : ही खूण?

ओनोरीन : हीच.

जिनेट : अगं बाई. ही मी केली.

ओनोरीन : तुम्ही?

जिनेट : त्याच शनिवारी संध्याकाळी, तोंडाला फडकं बांधून. तू माझ्याहून बुटकी, पाय पोचायचे नाहीत म्हणून मीच बैठक खाली करायला आले होते. परत चढवताना मोजमाप नको म्हणून खिळ्याने ओरखडा काढला. गास्तों तर गवताच्या गंजीवर होता. त्याला ही खूण असल्याचंही ठाऊक नसेल. तो दांड्याला रंग कशाला देईल? बैठक वर-खाली होते तिथे कोणी रंग देतं का?

ओनोरीन : खिळ्याने?

जिनेट : बस त्या खोक्यावर. पांढरी पडलीस.

ओनोरीन : मी उभीच बरी आहे. सत्तावन्न वर्षं मी त्याच्यावर राग धरला. वाढदिवसाला, मुलांच्या बारशाला, सगळ्या प्रसंगी. एका खिळ्याच्या ओरखड्यापायी.

जिनेट : विचारायचं होतंस त्याला.

ओनोरीन : मला विचारण्याचा अधिकार नव्हता. आता तुम्ही बसा. कारण पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. त्या रविवारी परतताना गास्तोंने मला विचारलं, पुढच्या आठवड्यात जिनेट बरी होईल ना? मी म्हटलं, तिला गालफुगी वगैरे काही नाही. तिला सायकलवर चक्कर येते, पण तुला सांगायला लाजते. पुन्हा विचारू नकोस, तिला वाईट वाटेल.

जिनेट : चक्कर.

ओनोरीन : तोच शब्द मी वापरला.

जिनेट : थांब जरा. म्हणून तो दर नववर्षाला माझ्या दारात येऊन टोपी काढतो आणि विचारतो, "डोकं कसं आहे?" सत्तावन्न वर्षं! मला वाटायचं, या माणसाच्याच डोक्यात काहीतरी बिघाड आहे. रॉबेर म्हणायचा, त्याला काहीही उत्तर दे. मी दर वर्षी म्हणायचे, "आहे तसंच आहे."

ओनोरीन : हसू नका.

जिनेट : हसू नको तर काय करू? रडायचं वय गेलं.

ओनोरीन : तुम्हाला तो हवा होता.

जिनेट : दोन वर्षं हवा होता. मग रॉबेर आला आणि मला खरंच तोच हवासा झाला. पण रोज सायकलवर टपाल वाटणारा तो, सुट्टीत सायकल दिसली की तोंड फिरवायचा. गास्तों सुटला मनातून, व्हेर्दां नाही सुटलं. जिथे दोन नद्या मिळतात तिथपर्यंत काठाकाठाने जायचं, घाई न करता, आणि पोचल्यावर पोशूज खायचं, पांढऱ्या वाइनमध्ये शिजवलेली नदीची मासळी. मोटारीने मी गेले आहे तिथे. मोटारीने जाणं म्हणजे नुसतं पोचणं.

ओनोरीन : फाटक वाजलं. तो आला.

जिनेट : मी जाते मागच्या दाराने.

ओनोरीन : तुम्ही इथेच उभ्या राहाल. गास्तों! छपरीत ये. पाव घेऊनच ये.

गास्तों : चिठ्ठी कसली?

ओनोरीन : ती मी फाडणार आहे. अगोदर ऐक. जिनेटला चक्कर येत नाही. कधीही येत नव्हती. सहासष्ट साली तिला गालफुगीच झाली होती आणि मी तुझ्याशी खोटं बोलले. तिने मला ही बैठक एका दिवसासाठी दिली होती. मी ती परत केली नाही.

गास्तों : कधीच नाही?

ओनोरीन : कधीच नाही.

गास्तों : चक्कर म्हणतोय मी.

जिनेट : कधीच नाही रे, गास्तों.

गास्तों : हं. मग साखळीला तेल लागेल.

ओनोरीन : एवढंच बोलायचं आहे तुला?

गास्तों : पाव गरम आहे. आत ठेवतो.

जिनेट : गेला. रागावला का गं?

ओनोरीन : नाही. तो पुलापलीकडे पोचेपर्यंत बोलणार नाही. मग बोलेल, आणि ते तुम्ही ऐकाल. सोमवारी सकाळी निघायचं. पहिला मुक्काम शालोंच्या अलीकडे, दुसऱ्या दिवशी कुरणातून, तिसऱ्या दिवशी दुपारी व्हेर्दां. थांबायचं असेल तर मागून त्याच्या पाठीवर एकदा थापटायचं, हळू हवं असेल तर दोनदा. आणि एक नियम. मागच्या बैठकीवर जे ऐकू येतं ते मागच्या बैठकीवरच राहतं. सासूबाईंनी मला कधी सांगितलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही.

जिनेट : तू विचारणार नाहीस मला?

ओनोरीन : मी खिडकीत बसेन. विचारणार नाही.

(ओनोरीन काठी भिंतीला टेकवते आणि खिळ्यावरचा पाना काढते.)

जिनेट : अगं, राहू दे, मी करते. तुझा खुबा...

ओनोरीन : हात काढा. घेतली मी, तर द्यायचीही मीच. एक बोट... दोन. बरोबर खुणेवर. चढा.

जिनेट : धर हं मला. ...ओनोरीन.

ओनोरीन : काय झालं?

जिनेट : पाय पोचत नाहीत.

ओनोरीन : खूण बरोबर आहे. मी डोळ्यांनी पाहिली.

जिनेट : खूण बरोबर आहे, मीच वयाने बुटकी झाले. शहात्तर वर्षांची आहे मी. कर खाली. अजून थोडी... अजून... हां. आता पोचले. बघ तर, कुठे आली?

ओनोरीन : जिथे होती तिथेच.

जिनेट : म्हणजे तुझ्याच उंचीवर.

ओनोरीन : असेल. पण मी पूर्ण खुणेपर्यंत चढवून दिली होती, हे तुझ्या लक्षात असू दे, जिनेट. आता नीट धर, मला बोल्ट आवळायचा आहे.