बुंदी अजून चावते

— नाई, तिकडं हात नको नेऊ, हिमांशु. अजून चावते. फोनवर तेच सांगतलं, आताही तेच सांगून राहिली. बस त्या खाटेवर. दिवाळी होऊन गेली, तुझं तोंड आज दिसलं, अन् आल्या आल्या कुत्रीच्या पिंजऱ्याकडं निघाला — काकू जिती आहे का मेली, ते नाई पाहिलं.

असा काऊन पाहतो? पिंजरा तुझाच आहे, गोंदियाच्या बाजारातून आणलेला. दार काढून ठेवलं, एवढंच. बुंदीले नाई लागत दार, तुम्हाले लागत होतं. पाहुणे आले — कोंब आत. तुझी बायको मंजू पोछा मारून राहिली — कोंब आत. अन् पिंजरा ठेवला कुठं, तर समोरच्या दारात, चपला काढायच्या जागी. येणाऱ्याचा पाय तिच्या तोंडापाशी. तान्ह्या पोळ्याले तर हद्दच केली तुम्ही — गल्लीतली सारी लेकरं आपापला लाकडी बैल घेऊन दारात उभी, बोजाऱ्याचे पैसे मागून राहिली, बैलाची चाकं पिंजऱ्यावर खडखड, अन् ही मुठीएवढी कुत्री आत कोंडलेली. भुंकली तर तू वरून चप्पल आपटली. मग मंजूचं बोट फोडलं, तर म्हणे कुत्री पागल झाली, काकूकडं नेऊन टाका. बोट आत घातलं कोणं? बुंदीनं तर नाई बोलावलं.

मी काय केलं? काही नाई केलं. खुडूक कोंबडी अंड्यावर बसली, का तिच्याखाली कोणी हात घालते का? टोचून काढंल. दाणे टाकायचे, मागं सरकायचं, तिच्याकडं पाहायचंसुद्धा नाई. तसंच. पिंजरा मागच्या पडवीत नेला, भिंतीकडं, तिथून कोणी येत-जात नाई. जाता-जाता सुकटीचा तुकडा आत टाकायचा अन् पुढं जायचं. थांबायचं नाई. गुरगुरली तरी रागवायचं नाई — गुरगुरते म्हणजे सांगून राहिली, दूर राय. ते सांगणं तू चपलेनं बंद केलं, म्हणून मग न सांगता चावली. हे शाळेत नाई शिकवत का तुमच्या? मग रोज थोडं जवळून टाकायचं. अन् एक दिवस मी गेली, तर गुरगुर नाई, काही नाई, शेपटी हालून राहिली — ते जाऊ दे. नव्या माणसाले चावतेच. ठेव इथंच. तुले कायले घोर?

काय म्हणला? कोणाले देतो? सडक अर्जुनीच्या धाबेवाल्याले? ते कायले — राखणीले? हायवेवर, साखळीनं, ट्रकवाले दगड मारतील तिथं? अन् त्याले चावरीच पाहिजे म्हणे. वा. मीच म्हणलं चावते म्हणून? अरे, कोण म्हणते चावते? काल तिच्या अंगाखालचं लुगड्याचं फडकं ओढून धुवायले नेलं मी, तिनं डोळा नाई उघडला. शेजारची दुर्गेश्वरी पिंजऱ्यात अर्धी शिरून तिच्या गोचड्या काढते. तोंडातली सुकट काढून घे, काही करत नाई —

हसून राहिला काऊन? हो. बोलली खोटं. केव्हापासून बोलून राहिली, तुले काय करायचं आहे? सकाळी मी उठली, का या घरात आणखी कोणीतरी उठते — तेवढंच. तुले नाई समजत ते, तुझ्या घरी माणसं आहेत. आधी त्या धाबेवाल्याले फोन लाव. इथंच लाव, माझ्यासमोर. नाई देत म्हण. पुन्हा म्हण, जोरानं.

हं. अन् आता घरी नेतो म्हणतो. तुझी पोरगी प्रिया रडते म्हणे बुंदीसाठी. रडंल नाई तर काय, लेकरू आहे, तुझ्यासारखं नाई. ने मग. पण पिंजऱ्यात बंद करून नाई — शालीत बांध, पोटाशी धर, गाडी हळू चालव. घरी मागच्या खोलीत ठेव. मंजूले सांग, आत बोट घालशील तर यावेळी मी कुत्री नाई ठेवून घेत, तुले ठेवून घेईन.

काय? झोपून आहे, मग उठवतो कायले? हात घालून ओढायचं नाई, सांगतलं ना आत्ताच. खाली बस, जमिनीवर. पँट मळंल तर मळू दे. सुकट टाक अन् गप राय. तिच्या मनानं येईल. नाई आली, तर बसून राय.

माझ्याकडं नको पाहू. मी नाई हाक मारणार तिले.