उंबरठ्यावरची चोरघंटी

दारावरच्या कॅमेऱ्याचं वायफाय सारखं जातं म्हणून वैतागलास? अरे, मी कॉलेजात असताना अण्णांनी भिंगारच्या घरी दाराला चोरघंटी बसवली होती. दार उघडलं की बोंबलायची. पण रोज सकाळी कनेक्शन गेलेलंच! वायरमन सलीमभाईंनी वायर बदलली, सेल बदलले. शेवटी उंबरठ्यातला स्विच उघडला, तर आत हळद, कुंकू आणि अक्षता!

अण्णा भडकले, "अगं, जरा बघून पूजा करत जा!"

आई म्हणाली, "बघूनच करते."

सलीमभाईंनी स्विच चौकटीच्या वर नेला. दुसऱ्या दिवशी घंटी पुन्हा मुकी. आईनं स्टुलावर चढून तिथंही कुंकू वाहिलेलं!

अण्णांनी कपाळाला हात लावला. "आता तिथं कशाला?"

"घराची राखण ते यंत्र करतंय, तुमी नुसते घोरता. मग पूजा कुणाची करू?"