दाताशी पंचेचाळीस मिनिटं

...आणि वर म्हणतात, गुप्त राहील! काय गुप्त राहील हो? तुम्हाला सांगतो, ज्या गोष्टीला नंबर पडला ती गोष्ट गुप्त राहत नाही, हे मी बोईसरला चौदा वर्षं टाइम ऑफिसात हजेरी मांडत बसून शिकलोय. नावाची माणसं गर्दीत हरवतात. पण नंबर? नंबर बरोब्बर सापडतो. माझा बिल्ला दोनशे बारा. गेटवरच्या वॉचमनला माझं नाव दामोदर आहे हे आजतागायत माहीत नाही, पण दोनशे बारा किती वाजता आला, चहाला किती वेळा उठला, जाताना पिशवी फुगलेली होती का, सगळं तोंडपाठ! आणि हे कंपनीवाले आम्हाला सांगतात, यापुढे मेडिकलच्या कागदावर आजाराचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर लिहायचा, म्हणजे कुणाला काही कळणार नाही. मी काही बोललो नाही. पण लक्षात ठेवलं.

गोष्ट गेल्या सालची, अठ्ठ्याऐंशीची. आमच्या तारापूरच्या एमआयडीसीत चार-सहा कारखान्यांनी मिळून ठरवलं की कामगारांच्या दवाखान्याच्या बिलांसाठी वेगळं टेबल करायचं. म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, एक कुलपाचं कपाट आणि जनरल शिफ्ट! माझ्यासारख्या तीन पाळ्यांत भरडलेल्या माणसाला जनरल शिफ्ट म्हणजे काय, ते ज्याची पहिली पाळी पहाटे सुरू होते त्यालाच विचारा. तर त्यासाठी आमच्या कॅन्टीनमध्ये तीन शनिवार क्लास. शिकवायला मुंबईच्या एका विमा ऑफिसातले सर. विद्यार्थी अकरा, काही कारखान्यांतले, काही आसपासच्या हॉस्पिटलांतले, सगळे माझ्यासारखे केस पिकायला लागलेले. आणि आमच्या कंपनीतून पाठवलं कुणाला? मला. एकट्याला. आता टाइम ऑफिसात आम्ही चौघं, त्यातले दोघं माझ्याहून सीनियर, एकाचं अक्षर मोत्यासारखं, मग मलाच का? पर्सोनेल ऑफिसर नुसते हसले आणि म्हणाले, तुम्ही बारकाईने बघता, दामोदरराव. बारकाईने बघता म्हणजे? मी काय बघतो हे यांना कुणी सांगितलं?

तुम्ही म्हणाल, एवढा संशय कशाला? सांगतो. इथे सगळे आपलेच आहेत, आणि आता लपवण्यासारखं काही उरलेलंही नाही.

मी माहीमचा. मुंबईचं माहीम नव्हे, आपलं, केळव्याजवळचं. बाप मासेमारीला होडीवर जायचा, मी मॅट्रिक झालो आणि कंपनीत लागलो. पाच वर्षांपूर्वी घराला नवा दरवाजा केला, सागाचा, आणि त्याला पितळी कडी. जुन्या घराला कडीच नव्हती, दोरी होती, ती पण मांजर आत येऊ नये म्हणून. आणि ही कडी आली, तुम्हाला सांगतो, आणि माझी झोप गेली. सकाळी घरातून निघालो, एसटीत बसलो, की मनात यायचं, कडी लागली का? पुढच्या थांब्यावर उतरायचं, उलट चालत घरी, कडी बघायची, परत थांब्यावर यायचं. परत बसलो की परत तेच. लागली होती, पण नीट लागली होती का? कंडक्टर देवू आमच्या गावचाच, तो मला तिकीट देताना विचारायला लागला, आज कुठपर्यंत? आणि गंमत ऐका, घर रिकामं असतं तर एक वेळ ठीक. घरात माझी आई काशीबाई, बायको हंसा, ओटीवर वाळत टाकलेली मासळी, सात कोंबड्या. आणि मी बाहेरून येऊन बघतोय, कडी आतून लागली का! आई म्हणायची, "अरं दामू, आमी घरात हाय ना?" आहे हो, कळतंय ना मला! कळत असून पाय वळायचे, हाच तर आजार. चार महिन्यांत अकरा लेटमार्क पडले. टाइम ऑफिसच्या माणसाला लेटमार्क, आणि तो मांडायचा पण मीच!

शेवटी कंपनीच्या डॉक्टरांनी गुपचूप चिठ्ठी दिली, दादरच्या एका डॉक्टरांची. मनाचे डॉक्टर. मी चिठ्ठी चार घड्या करून पाकिटात ठेवली. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. उद्या हे फुटलं, तर माहीममध्ये पोरं मागे लागतील, आणि कंपनीत वेडा ठरलेल्या माणसाच्या हातात हजेरीचं पुस्तक कोण ठेवील? म्हणून घरी सांगितलं, दात. दातांसाठी दादरला जातोय. महिन्यातून एकदा. आणि बिल लावताना कंपनीच्या फॉर्मवर आजार म्हणून लिहिलं, दाताचा त्रास. संपलं.

कसलं संपलं! सुरू झालं! आईने लवंगांची पुडी माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली ती सहा महिने काढली नाही. हंसाने मला पेज चालू केली. पेज! सकाळी पेज, संध्याकाळी मऊ भात. शेजारी सगळे भाजलेला सुका बोंबील कुरकुर चावतायत, वास माझ्या नाकात, आणि मी जरा हात पुढे केला की हंसा म्हणायची, "नको, कडक हाय. दात दुखंल." बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत, आणि मी पेज पितोय! एकदा वाटलं, हिला संशय आलाय आणि ही मुद्दाम करतेय. मी काही बोललो नाही. पण लक्षात ठेवलं.

तर आता क्लास. पहिला शनिवार साधा गेला. सरांनी जाडजूड पुस्तक काढलं, त्यात जगातल्या सगळ्या आजारांना नंबर. टायफॉइडला दोन, खरजेला एकशे तेहेतीस, किडक्या दाताला पाचशे एकवीस. आणि नुसता आजाराचा नंबर पुरत नाही, डॉक्टरने काय केलं त्याचाही वेगळा नंबर. आजार आणि इलाज, दोन्ही एकमेकांना पटले पाहिजेत, तर बिल खरं. पाय मोडला आणि चष्मा दिला, असं चालणार नाही. माझ्या शेजारी सूतगिरणीचा रामकिसन, उत्तरेकडचा, पंधरा वर्षं बोईसरला. त्याने वहीत लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. पलीकडे पालघरच्या एका हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या वत्सलाबाई, त्यांनी पण बघितलं. तुम्हाला सांगतो, मी पाचशे एकवीस लिहिलं आणि वहीवर हात आडवा ठेवला.

दुसऱ्या शनिवारी सर म्हणाले, आज मनाचे आजार. सरांनी फळ्यावर लिहिलं, तीनशे. मग म्हणाले, यात वेडा हा शब्द कुठेही नाही, वेडा नावाचा आजारच नाही, तुमच्या कागदावर हा शब्द दिसला तर मी कागद परत पाठवीन. चिंता म्हणजे काय, उदासी म्हणजे काय, नुसता स्वभाव आणि आजार यात फरक काय, सगळं नीट सांगितलं. चांगलं सांगत होते हो! मी पण ऐकत होतो. आणि मग म्हणाले, तीनशे पॉइंट तीन. हा माणूस हात धुतला तरी परत धुतो. कुलूप लावलं तरी परत बघतो. त्याला ठाऊक असतं की लागलंय, तरी बघतो. सगळे हसले. मी पण हसलो. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच हसलो, म्हणजे कुणाला काही वाटू नये. पुढे सर म्हणाले, तीनशे एक पॉइंट शून्य, हा सगळ्यांवर संशय घेतो. आणि असं म्हणताना त्यांनी बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! आता मला सांगा, कॅन्टीनमध्ये अकरा माणसं, समोर भिंत, त्यावर कॅलेंडर, आणि यांना बघायला मीच सापडलो? मी काही बोललो नाही. पण...

तिसरा शनिवार. परीक्षा. सरांनी सायक्लोस्टाइल केलेला एकेक कागद वाटला. शाईचा वास येत होता. म्हणाले, एका रुग्णाचं बिल आहे, नाव काढून टाकलंय, यातली चूक शोधा. मी वाचायला घेतलं. पुरुष. वय चाळिशीच्या आत. कारकून. आजार, दाताचा त्रास. इलाज, बोलणे, पंचेचाळीस मिनिटे, एकूण सहा वेळा.

अहो, माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या! माझंच बिल! सहा वेळा पण बरोबर! मी वर बघितलं तर सगळे माना खाली घालून लिहितायत. म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत! म्हणून मला एकट्याला पाठवलं! म्हणून तीन शनिवार लावले, दोन शनिवार गोड बोलायचं आणि तिसऱ्याला पकडायचं! सरांनी विचारलं, कुणाला सापडली चूक? वत्सलाबाई म्हणाल्या, दाताशी पंचेचाळीस मिनिटं कोण बोलतं, हा माणूस लबाड आहे, खोटं बिल लावलंय. रामकिसन म्हणाला, "लबाड नहीं होगा बहनजी. दिमाग का मामला होगा, शरम के मारे दाँत लिख दिया." आणि सगळे हसायला लागले.

आता तुम्हीच सांगा, माणसाने किती गप्प बसायचं? चौदा वर्षांत मी कुणाला कधी उलट बोललो नव्हतो. उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. म्हटलं,

"लबाड नाही तो. त्याला भीती वाटली म्हणून दात लिहिलं. तो मी आहे, सर. माझा कागद आहे हा. कडी बघतो मी. आता सगळ्यांना कळलं ना? मग झालं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि हळू आवाजात म्हणाले,

"दामोदरराव, हा कागद तुमचा नाही. हा मी परवा घरी बसून टाइप केलाय."

मी म्हटलं, मग दात? मग पंचेचाळीस मिनिटं? तर म्हणाले, मनाचे डॉक्टर एवढाच वेळ देतात. आणि दात तर सगळेच लिहितात. गेल्या वर्षी या भागातून दात लिहिलेले आणि बोलण्याचा इलाज केलेले चाळीस कागद माझ्या टेबलावर आले. आमच्या ऑफिसात समजूत आहे की बोईसरच्या पाण्याने दात फार लवकर जातात.

बसलो. म्हणजे बसायला गेलो, तर खुर्ची मागे पडलेली. रामकिसनने धरलं म्हणून वाचलो. तुम्हाला सांगतो, चाळीस माणसांचं गुपित गुपित राहिलं, आणि माझं, जे कुणालाच माहीत नव्हतं, ते मी उभं राहून, कॅन्टीनमध्ये, मोठ्या आवाजात, स्वतः सांगितलं! टेबल गेलं, खुर्ची गेली, जनरल शिफ्ट गेली. घरी येईपर्यंत रडू आवरत होतो, खोटं कशाला सांगू.

म्हटलं, गावात बातमी यायच्या आत आपणच सांगावं. हंसाला ओटीवर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं, दादर, डॉक्टर, कडी, तीनशे पॉइंट तीन. ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"मला ठाव हाय. दाताच्या डॉक्टरकडनं येणारा माणूस येष्टीतनं चणे चावत उतरतो व्हय? देवूने सांगितलं पहिल्याच वेळंला."

मी म्हटलं, अगं, मग सहा महिने पेज का पाजलीस? तर म्हणते, "तुमी दात म्हणालात, मग मी दाताचं केलं. तुमी सांगाल म्हणून वाट बघत व्हते." आणि उठून आत गेली, आणि चुलीत दोन सुके बोंबील भाजून माझ्या पुढ्यात ठेवले. काय सांगू, दोन्ही संपवले. मग आणखी दोन मागून घेतले.

सोमवारी पर्सोनेल ऑफिसरांनी बोलावलं. हजेरीचं पुस्तक काखेत घेऊनच गेलो, म्हटलं सरळ ठेवून यायचं. तर त्यांनी सरांचं पत्र पुढे केलं. मेडिकलच्या टेबलासाठी माझं नाव! कारण काय, तर लोकांचे आजाराचे कागद ज्या कपाटात राहणार त्याचं कुलूप लागलंय की नाही हे पाच-पाचदा बघणारा माणूस दुसरा मिळणार नाही, आणि कागदामागे भ्यालेला माणूस असतो हे या क्लासमध्ये एकालाच दिसलं. आता हे कौतुक म्हणायचं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. मी काही बोललो नाही. पत्राची नक्कल काढून ठेवली.

टेबलावर बसून आठवडा झाला नाही, तर रामकिसन आला. शेजारी बसला, इकडेतिकडे बघितलं, म्हणाला, "दामूभाई, दाँत मेरा भी दुखता है. उस डॉक्टर का पता देना." पुढच्या मंगळवारी पालघरच्या बाजारात वत्सलाबाई भेटल्या. पदर तोंडावर धरून म्हणाल्या, अहो, माझी दाढ... मी काही विचारलं नाही. पत्ता लिहून दिला. आज माझ्या कपाटात एकवीस कागद आहेत, सगळ्यांवर खरा नंबर आहे, पाचशे एकवीस एकावर पण नाही. आणि कुलूप? लागलंय. इथे यायच्या आधी बघूनच आलोय.

आणि मी? मी बरा आहे. डॉक्टर म्हणालेत, एकदम सुटणार नाही, दिवसातून एकदा बघितलं तर चालेल. आज सकाळीच बघा ना, घरून निघालो, हंसा दारात उभी राहून म्हणाली, "कडी मी लावली म्हणून समजा. मागं वळून बघू नका. सरळ जावा." मी हो म्हटलं. सरळ थांब्यावर गेलो. एसटीत बसलो. देवूने पालघरचं तिकीट फाडून हातात दिलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पालघरच ना, नक्की?"

मी काही बोललो नाही. पुढच्या थांब्यावर उतरलो.