नाडीची चहाडी

(बडोदे. मांडवीमागे मथुराबाई वैदिणीची ओसरी. समोर एकाच गोऱ्या साहेबाचे दोन नोकर: कारकून मानसिंगराव आणि बग्गी हाकणारा बिलाल सिद्दी.)

बिलाल : जंजिऱ्याला आई जात्यावर गायची, ‘बाया लाविती तीट, एका बोटानं गालाला, देवानं दोही हातांनी, काजळ माखलं बाळाला.’ मला कशाला लागतेय दृष्ट?

मथुराबाई : मग झोप कुणी नेली? आत बसून डोकं कोण ठोकतंय?

मानसिंगराव : काकू, आधी माझं पित्त बघा. याचं डोकं रिकामं, घुमतं म्हणून दुखतं.

मथुराबाई : काल रविवारी काय जेवलात?

मानसिंगराव : वाटीभर बासुंदी. बरं, दोन वाट्या. वर अळूचा पातरा.

मथुराबाई : आणि जळजळ?

मानसिंगराव : छे. ती आज, कचेरीची पायरी चढताना. पोटात नुसती पेज होती.

मथुराबाई : द्या मनगट. तूही दे रे. दोघांची एकदम बघते. मी बोलेन, तुम्ही गप्प राहायचं. सुंठ… गूळ… बासुंदी…

मानसिंगराव : ही कसली तपासणी?

मथुराबाई : गप्प. साहेब… अगबाई, दोन्ही नाड्या उड्या मारताहेत. करतो तरी काय तो?

मानसिंगराव : मला जोडे दाराबाहेर काढायला लावतो, स्वतःचे बूट टेबलावर. आपल्या भाषेतला एकच शब्द शिकलाय: काळ्या. आणि हाक मारतो कुणाला? मला. आमच्या घराण्यात केतकीच्या रंगाची माणसं, काकू.

बिलाल : दोघांना एकच हाक, बाई. कुणाला बोलावलं कळत नाही. दोघे धावतो, दारात टक्कर होते.

मथुराबाई : धूर एकाच चुलीचा. एकाच्या छातीत गेला, एकाच्या डोक्यात. पुड्या देईन, पण ती चूल काही माझ्या हातात नाही.

मानसिंगराव : म्हणून तर बाहेर आलो की मी याची थट्टा करतो. तेवढंच हलकं वाटतं. काय रे काळोबा?

मथुराबाई : थांबा.

मानसिंगराव : का, काय झालं?

मथुराबाई : तुमची नाडी खाली बसली, राव. याची उधळली. साहेब म्हटलं तेव्हा एवढी नव्हती.

मानसिंगराव : लाडानं म्हणतो मी. वर्षानुवर्षं म्हणतोय, हा हसतोही. हसतोस ना रे?

मथुराबाई : नाडी हसत नाही. बोल बिलाल. हात सोडणार नाही मी.

बिलाल : हसतो, राव. सायबाच्या हाकेनं डोकं दुखतं, ते घोड्यांना दाणा घालेपर्यंत उतरतं. तुमची हाक घरी येते, उशाशी बसते. तुम्ही आपले ना.